'बोध काय मिळाला?' हा प्रश्न बाजूला ठेवा: वाचनाबद्दल मुलांना लिहितं कसं करायचं

पुस्तक वाचून झालं की वहीत चार गोष्टी लिहायच्या, ही आपल्या शाळांमधली जुनी रीत: पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, थोडक्यात गोष्ट आणि बोध. डॉ. कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी तर अशी पानं ढिगाने भरली जातात. एखाद्या वर्गाची पानं ओळीने वाचून बघा. अक्षरं वेगळी, पुस्तकं वेगळी, पण शेवटची ओळ जवळजवळ एकच: 'या पुस्तकातून मला नेहमी खरे बोलावे हा बोध मिळाला.' पुस्तक न उघडता, नुसतं मलपृष्ठ बघूनही हे लिहिता येतं. बरीच मुलं तसंच लिहितात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण विचारलेल्या प्रश्नाचं ते अगदी बरोबर उत्तर आहे.

मुलाने वाचलेल्याबद्दल विचार करावा असं खरंच वाटत असेल, तर दोन गोष्टी बदलाव्या लागतात. एक, आपण काय विचारतो. दुसरी, लिहिलेल्याचं पुढे काय होतं. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची आहे. लिहिलेलं पान कुणीतरी उत्सुकतेने वाचणार आहे आणि त्यावर काहीतरी बोलणार आहे, हे एकदा मुलाला कळलं की ते आपसूक लिहायला लागतं. नुसती टिकमार्क आणि सही मिळणार असेल, तर सहीपुरतंच लिहितं. बाकीच्या युक्त्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पुढच्या पायऱ्या लिहिताना तिसरी ते आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आहे. घरी एकदोन मुलांसोबत करायचं असेल, तरी बहुतेक सगळं तसंच्या तसं चालेल.

पायरी १: आधी बोलू द्या

लिहायची घाई नको. पहिले दोन आठवडे वही काढूच नका. रोज दहा मिनिटं एक गोष्ट मोठ्याने वाचा आणि गप्पा मारा. वर्गात बोलायची सवय नसलेली मुलं 'काय वाटलं?' या प्रश्नावर गप्प बसतात किंवा 'छान' म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी अशी जागा धरून विचारा: 'तो दार वाजवतो तेव्हा ती लगेच का उघडत नाही?' ज्याचं एकच बरोबर उत्तर नाही असा प्रश्न हवा, आणि उत्तर आल्यावर 'बरोबर' किंवा 'चूक' न म्हणता 'असं का वाटलं तुला?' एवढंच विचारायचं. मुलं सुरुवातीला तुमचा चेहरा वाचायचा प्रयत्न करतील, सरांना काय हवंय ते शोधतील. चेहऱ्यावर काहीच दाखवायचं नाही, हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

या गप्पांसाठी ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांची चौकट फार कामाची आहे. तिच्यात मुलांना चार गोष्टी विचारायच्या असतात: काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कोड्यात टाकतं आणि कशाशी काय जुळतं. आपल्याकडे पहिल्या प्रश्नावर गाडी अडते. दुसरा विचारायचं धाडस करा. 'या गोष्टीत कंटाळा कुठे आला?' असं बाईंनी विचारल्यावर वर्ग एकदम जागा होतो. पुस्तकाला नावं ठेवलेली चालतात, हे कळणं ही मुलांसाठी मोठीच मुभा असते.

पायरी २: वही

साधी शंभर पानी एकरेघी वही पुरते. कव्हरवर विषयाच्या जागी मुलाला हवं ते नाव लिहू द्या. दर नोंदीला तारीख, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक एवढंच सक्तीचं ठेवा. गोष्टीचा सारांश लिहायचा नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने तीन पानं सारांशच येतो. उजवं पान मुलाचं, डावं पान उत्तरासाठी कोरं. वही वर्गातच एका खोक्यात राहू दे. घरी गेली की कुणीतरी ती 'नीट' लिहून देतं.

पायरी ३: तुम्ही लिहून दाखवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. 'तुमचे विचार लिहा' असं सांगितल्यावर विचार लिहिणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. निबंध पाहिलेला असतो, गाईडमधलं उत्तर पाहिलेलं असतं. म्हणून फळ्यासमोर उभं राहून, मुलांच्या देखत, अडखळत, खोडत लिहा.

उदाहरणाला सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट घ्या. काऊ आणि चिऊ. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारात येतो. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.' 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते.' फळ्यावर काहीसं असं लिहिता येईल:

'लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला चिऊच बरोबर वाटायची. घर पक्कं बांधलं म्हणून ती वाचली. आज वाचताना मी दाराबाहेर जास्त वेळ थांबले. काऊ भिजतोय आणि ती आतून बाळाची तीटपावडर सांगतेय. तिला खरंच काम होतं, की तिला दार उघडायचंच नव्हतं? आमच्या शेजारीही एकदा... (हे नको लिहायला.) मला अजून ठरवता येत नाही.'

कंसातला 'हे नको लिहायला' मुद्दाम राहू द्या. काही गोष्टी आठवतात पण लिहायच्या नसतात, ही सूट मुलांना दिसायला हवी. आणि शेवट 'ठरवता येत नाही' असा झाला तरी तो शेवट चालतो, हेही.

मग मुलांना विचारा, 'तुमच्या घरी या गोष्टीचा शेवट कसा सांगतात?' कुठे चिऊ शेवटी दार उघडते, कुठे काऊला चांगलाच चटका बसतो. ज्याच्या त्याच्या आजीची आवृत्ती निराळी असते. गोष्ट कुणीतरी ठरवून तशी केलेली असते, ती वेगळीही होऊ शकली असती, हा मोठा साहित्यिक मुद्दा चौथीतल्या मुलांना असा पाच मिनिटांत कळतो. आता वह्या काढा आणि सात मिनिटं लिहू द्या. पहिल्या दिवशी दोन ओळी आल्या तरी पुरे.

पायरी ४: वाचता वाचता थांबायची सवय

पुस्तक संपल्यावर 'आता विचार करा' म्हटलं तर विचार उरलेला नसतो. तो वाचताना येऊन गेलेला असतो. तो पकडायला जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. प्रत्येक मुलाला पाचसहा पट्ट्या. वाचताना कुठे अडलं, हसू आलं, राग आला, तर तिथे पट्टी घालायची आणि तिच्यावर एक खूण करायची: प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा फुली. फुली म्हणजे 'मला हे पटलं नाही'. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल लावायची नाही, एवढा नियम.

लिहायच्या वेळी सगळ्या पट्ट्यांवर लिहायचं नाही. एकच निवडायची. या निवडीतच अर्धा विचार होऊन जातो. कोऱ्या पानासमोर बसून पेन चावणाऱ्या मुलाला पट्टी असलेलं पान उघडून दिलं की सुरुवात सापडते.

पायरी ५: सुरुवातीचे शब्द द्या, प्रश्नपत्रिका देऊ नका

वर्गाच्या भिंतीवर काही अर्धवट वाक्यं लावून ठेवा. मुलांनी हवं ते उचलावं, नको असेल तर सोडावं:

'मला कळलं नाही की…'
'इथे मी थांबलो/थांबले, कारण…'
'हे वाचताना मला … आठवलं.'
'मी तिच्या जागी असतो/असते तर…'
'लेखकाने सांगितलं नाही, पण मला वाटतं…'
'चित्रात दिसतंय, पण लिहिलेलं नाही, ते म्हणजे…'
'आधी मला वाटलं होतं…, मग…'

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात दमदार आहे. मत बदललं हे लिहिताना का बदललं हे सांगावंच लागतं. 'मी त्याच्या जागी असतो तर' मात्र जपून वापरा. मुलं त्यावर आदर्श विद्यार्थ्याची उत्तरं द्यायला लागतात ('मी असतो तर सर्वांना मदत केली असती'). तसं झालं तर ते वाक्य महिनाभर भिंतीवरून काढून टाका.

या वाक्यांची रकान्यांची छापील तक्तापत्रिका करू नका. तक्ता दिसला की मुलं रिकाम्या जागा भरायला बसतात.

पायरी ६: 'छान आहे, मला आवडली' याच्या पुढे

हे वाक्य येणारच. त्यावर 'सविस्तर लिहा' असा शेरा मारून उपयोग होत नाही, कारण सविस्तर म्हणजे काय हेच तर मुलाला कळलेलं नसतं. एक छोटी जागा दाखवून विचारा.

समजा, मुलाने लिहिलं: 'मला म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट खूप आवडली. ती खूप छान आहे.' डाव्या पानावर तुम्ही लिहा: 'मलाही आवडते. कुठल्या जागी पुन्हा एकदा ऐकावीशी वाटते?' पुढच्या वेळी येईल: 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक, तिथे.' तुमचं उत्तर: 'त्या वेळी म्हातारी आत बसून काय करत असेल रे?' आता कदाचित असं काही येईल: 'तिला काही दिसत नसेल. तिला वाघाचा फक्त आवाज ऐकू येत असेल. तिने श्वास पण रोखून धरला असेल. मी कपाटात लपलो होतो तेव्हा मला शिंक येणार होती.'

एवढं होईपर्यंत दोनतीन आठवडे जातात. पण 'छान आहे' पासून कपाटातल्या शिंकेपर्यंत ते मूल स्वतः चालत आलेलं असतं, आणि ते आता गोष्टीच्या आत उभं आहे. सातवीतल्या मुलीला याच गोष्टीवर वेगळा प्रश्न टाकता येतो: 'म्हातारी लेकीकडे तूपरोटी खाऊन धडधाकट झाली, वाटेत वाघ आहे हेही माहीत होतं. मग ती तिथेच का नाही राहिली? लेकीने ठेवून का नाही घेतलं?' लेकीच्या घरी आईने राहायचं की नाही, यावर घरोघरी काय बोललं जातं ते मुलींना पक्कं ठाऊक असतं. पानं भरतात.

पायरी ७: उत्तर द्या

इथे कंजुषी केली तर वरचं सगळं वाया जातं. वहीतल्या प्रत्येक नोंदीला नाही, पण प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा दोन ओळींचं उत्तर मिळालं पाहिजे. लाल पेन नको. निळ्या किंवा पेन्सिलने लिहा. उत्तरात तीनपैकी एखादी गोष्ट असावी: मुलाच्या लिखाणातलं नेमकं काय तुम्हाला दिसलं, तुम्हाला स्वतःला काय आठवलं, किंवा तुम्हाला खरोखर पडलेला एक प्रश्न. 'शाब्बास', 'सुंदर विचार', चांदणीचा शिक्का, हे उत्तर नव्हे.

एक उदाहरण जरा जवळून बघू. काऊचिऊच्या गोष्टीवर दुसरीतिसरीतलं मूल असं लिहू शकतं:

'चिमनी चं घर मेनाचं आहे. ऊनाळ्यात ते वितळेल. मग ती कावळ्या कडे जाईल. तो म्हनेल थांब.'

घाईत असलेल्या माणसाला इथे तीन ठिकाणी न आणि ण ची गफलत दिसेल, 'ऊनाळ्यात' दिसेल, तोडलेली विभक्ती दिसेल. वाचक म्हणून वाचलं तर दिसतं की या मुलाने गोष्टीचा सगळा बोधच उलटा केला आहे. पक्क्या घराचं कौतुक करणाऱ्या गोष्टीला ते विचारतंय: पक्कं म्हणजे कधी पक्कं? पावसात की उन्हात? आणि 'तो म्हणेल थांब' या तीन शब्दांत अख्ख्या दुसऱ्या गोष्टीची सुरुवात आहे.

यावर उत्तर असं जाऊ शकतं: 'उन्हाळ्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मेणाचं घर उन्हात वितळलं तर चिमणी कावळ्याकडे जाईल, हे अगदी शक्य आहे. पण तो नुसतंच थांब म्हणेल, की काही कारणंही सांगेल? कोणती?' 'उन्हाळ्यात', 'मेणाचं', 'चिमणी', 'कावळ्याकडे', सगळे शब्द तुमच्या उत्तरात बरोबर लिहिलेले आले. मुलं आपल्याला आलेलं पत्र पुन्हा पुन्हा वाचतात; त्यातून पुष्कळ शुद्धलेखन न बोलता पोचतं.

चाळीसच्या वर्गात हे कसं जमवायचं? रोज आठ वह्या, सोमवार ते शुक्रवार. कुठल्या वाराला कुठले आठ जण, ते ठरवून टाका आणि खोक्यात तशाच वह्या लावा. प्रत्येक वहीला दीडदोन मिनिटं धरली तर मधल्या सुट्टीचा एक तुकडा जातो. साठपासष्टचा वर्ग असेल तर पंधरवड्यातून एकदा उत्तर द्या, आणि मधल्या आठवड्यात मुलांनी जोडीदाराच्या वहीला उत्तर लिहावं. जोडीदाराला एकच नियम: 'छान' हा शब्द वापरायचा नाही. द्विशिक्षकी शाळेत, जिथे दोनतीन इयत्ता एकत्र बसतात, तिथे मोठ्या मुलांनी धाकट्यांना उत्तरं लिहिणं फार छान जमतं. पाचवीतल्या ताईचं पत्र आलं की दुसरीतला गडी ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघतो.

शुद्धलेखन आणि घरची भाषा

मग चुका दुरुस्त करायच्याच नाहीत का? करायच्या, पण या वहीत नाही. वह्या वाचताना वारंवार दिसणाऱ्या चुका वेगळ्या कागदावर टिपून ठेवा ('आणी', 'तीने', 'म्हनून', सुटे लिहिलेले 'चं' आणि 'कडे') आणि आठवड्यातून एकदा व्याकरणाच्या तासाला त्यातली एकच घ्या. कुणाच्या वहीतली ते सांगायचं नाही. वहीतलं एखादं पान भिंतीवर किंवा शाळेच्या हस्तलिखितात जाणार असेल, तर मात्र ते मुलासोबत बसून नीट शुद्ध करा. दुसरे वाचणार म्हणून लेखन शुद्ध करायचं, हे कारण मुलांना सहज पटतं.

भाषेचंही तसंच. खानदेशातलं मूल अहिराणीत विचार करतं, विदर्भातलं वऱ्हाडीत, सिंधुदुर्गातलं मालवणीत. मेळघाटात किंवा गडचिरोलीत घरची भाषा कोरकू, गोंडी, माडिया असू शकते. गोव्यात मराठी शाळेत शिकणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी कोंकणी असते. पहिला विचार ज्या भाषेत आला त्या भाषेत तो उतरू द्या. 'मले राग आला' हे 'मला राग आला' पेक्षा कमी विचारपूर्वक नाही. प्रमाण मराठी तुमच्या उत्तरांतून आणि पुस्तकांतून येत राहील. परदेशात शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाणारी मुलं अर्धं वाक्य इंग्रजीत लिहितील. लिहू द्या, उत्तर मराठीत द्या.

वयाप्रमाणे थोडा फरक

पहिली-दुसरीत चित्र हीच नोंद. मुलाने चित्र काढावं, तुम्ही विचारावं, 'इथे काय चाललंय?', आणि ते सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहून द्यावं. आपलं बोलणं अक्षरात उतरताना बघणं हा या वयातला मोठा आनंद आहे.

सहावीनंतर लेखकाच्या निवडीकडे बोट दाखवायला सुरुवात करा. गोष्ट कोण सांगतंय? त्याच्याऐवजी दुसऱ्याने सांगितली असती तर? शेवट इथेच का केला? या वयात वेगवेगळे आकारही आवडतात: पात्राला पत्र, पात्राची दैनंदिनी, दोन पात्रांचं फोनवरचं बोलणं, गोष्टीत नावही नसलेल्या माणसाची बाजू. पण दर वेळी नवा 'उपक्रम' काढू नका. साधी वही चालू ठेवून महिन्यातून एकदा एखादा आकार पुरतो. नववी-दहावीला मुलं म्हणतील, 'हे पेपरात येणार आहे का?' रसग्रहणाच्या प्रश्नाला याचा थेट उपयोग होतो, हे प्रामाणिकपणे सांगा आणि आठवड्याला एकच नोंद मागा.

माहितीची पुस्तकं विसरू नका

काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, गोष्टींत रस नसतो. त्यांना साप, ट्रॅक्टर, क्रिकेट, अवकाश हवं असतं. त्यांनी माहिती उतरवून काढू नये म्हणून पानाचे दोन भाग करा: 'आधी मला वाटायचं' आणि 'आता कळलं'. खाली तिसरी ओळ: 'अजून विचारायचं आहे'. 'आधी वाटायचं साप दूध पितो. आता कळलं पीत नाही. अजून विचारायचं आहे, मग नागपंचमीला वाटीतलं दूध कोण पितं?' असा प्रश्न वहीत आला की त्यावर उत्तर लिहिण्याआधी तो वर्गात मोठ्याने वाचायची परवानगी मुलाकडे मागा. वर्तमानपत्रातली बातमी, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, एसटीच्या स्टँडवरचं वेळापत्रक, सगळ्यावर ही ओळ चालते.

गुण देऊ नका, नोंद ठेवा

या वहीला गुण दिले की मुलं पुन्हा बोधाकडे वळतात. मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख 'याचं मूल्यमापन काय?' असं विचारतील. आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आहे, आणि त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींसाठी या वह्यांसारखं साहित्य दुसरं नाही. 'वाचन चांगले आहे' अशी गुळमुळीत नोंद लिहिण्याऐवजी 'जूनमध्ये फक्त आवडलं-नावडलं लिहीत होता; नोव्हेंबरपासून पात्र असं का वागलं याची कारणं शोधतो, दोन गोष्टींची तुलना करतो' असं लिहिता येतं. महिन्यातून एकदा प्रत्येक वहीसाठी अशी एक ओळ टिपून ठेवा. सत्राच्या शेवटी नोंदी लिहिताना रात्री जागाव्या लागणार नाहीत.

महावाचन उत्सवासारख्या उपक्रमात किंवा पुस्तक परीक्षणाच्या स्पर्धेत वर्गाने भाग घ्यायचा असेल, तर वहीतलं एखादं पान निवडून मुलाला ते वाढवू द्या. स्पर्धेसाठी नवं काही लिहून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं. आणि कृपा करून शिक्षकांनी लिहून दिलेलं, मुलाने नुसतं उतरवलेलं परीक्षण पाठवू नका. परीक्षकांना ते पहिल्या ओळीत कळतं, मुलाला त्याच्याही आधी.

घरी करायचं असेल तर

घरात वही एकच, पण लिहिणारे दोन. आई किंवा बाबा किंवा आजोबा तेच पुस्तक वाचतात आणि त्याच वहीत एकमेकांना लिहितात. मूल झोपल्यावर तुम्ही दोन ओळी लिहून वही उशाशी ठेवा. समोरासमोर 'शाळेत काय झालं?' याला 'काही नाही' म्हणणारी मुलं वहीत भरभरून लिहितात. तीन गोष्टी टाळा: अक्षरावरून बोलणं, पाहुण्यांसमोर वही वाचून दाखवणं आणि 'आज लिहिलं नाहीस तर मोबाइल नाही' असा सौदा. खेळण्याच्या वेळात तर अजिबात लिहायला बसवू नका. इंग्रजी माध्यमातल्या मुलाशी मराठीत लिहायची ही बहुधा एकमेव जागा असते, तेव्हा तिथे परीक्षेचा वास येऊ देऊ नका.

पुस्तकं कुठून आणायची

वर्गात तीसचाळीस बरी पुस्तकं असली तरी वर्ष निघतं, पण ती कपाटाला कुलूप लावून ठेवलेली नकोत. दोरीवर टांगा, खिडकीत मांडा, फाटली तर फाटू द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. एकेक गोष्ट छापून घेतली तरी पट्ट्या लावायला, रेघा ओढायला मोकळीक मिळते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली मराठी पुस्तकं स्वस्तात मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळीप्रमाणे लावलेल्या भरपूर मराठी चित्रगोष्टी आहेत, फुकट आणि छापता येण्यासारख्या. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असतो, पण बऱ्याचदा त्याचा दरवाजा कुणी ठोठावलेला नसतो. ग्रंथपालांना भेटा, महिन्याला वीस पुस्तकांची अदलाबदल मागा.

पाठ्यपुस्तकातल्या धड्यांवरही ही वही चालते. फक्त ती स्वाध्यायाच्या आधी लिहून घ्या. धड्याखालचे प्रश्न सोडवून झाल्यावर मुलाचा स्वतःचा प्रश्न उरत नाही.

एक जबाबदारी

मुलं खरं लिहायला लागली की कधीतरी घरातलं खरंही येतं: मारहाण, बापाचं दारू पिणं, कुणाचा मृत्यू, शाळेतलं एखादं मूल देत असलेला त्रास. गोष्टीतल्या एखाद्या प्रसंगाने हे दार उघडतं. त्या पानावर लगेच शहाणपणाचा उपदेश लिहू नका. 'तू हे मला सांगितलंस, बरं केलंस. मधल्या सुट्टीत भेटशील?' एवढं लिहा आणि खरंच भेटा. हे सगळं आपल्या दोघांतच राहील असं वचन देऊ नका, कारण मूल धोक्यात आहे असं वाटलं तर मुख्याध्यापकांना सांगावंच लागेल. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन कायम हाताशी असू द्या. आणि कुठल्याही पानाचा फोटो, कितीही गोड असला तरी, मुलाला विचारल्याशिवाय पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. एकदा असा फोटो फिरला की पुढचं अख्खं वर्ष सगळ्यांच्या वहीत पुन्हा 'नेहमी खरे बोलावे' येतं.

मार्चमध्ये, परीक्षेच्या गडबडीआधी, एक तास राखून ठेवा. मुलांनी आपलीच वही पहिल्या पानापासून वाचायची, तिलाही पट्ट्या लावायच्या आणि एका जुन्या नोंदीला स्वतःच उत्तर लिहायचं. जूनमधल्या आपल्याच ओळी वाचून कुणी हसतं, कुणी 'मी हे असं का लिहिलं होतं?' म्हणून डोकं खाजवतं. वर्णनात्मक नोंदींसाठी हवी ती एकदोन पानं झेरॉक्स करून ठेवा आणि वही मुलाला परत देऊन टाका. रद्दीच्या ढिगात, शाळेच्या फायलीत किंवा तपासणीला आलेल्या साहेबांसाठीच्या प्रदर्शनात तिचं काही काम नाही.